अंगठा लागेना, धान्य मिळेना

दिवाळी उरकली, की श्रीपूरच्या रस्त्यांचा नूर पालटतो. उसानं लदलेल्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रस्त्याकडेला सांडलेली कांडी आणि मोकळ्या रानात रांगेनं उभ्या राहिलेल्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. माळशिरस तालुक्यातल्या या गावाला साखरेचा वास नवा नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचं नाव श्रीपूरशी जोडलेलं आहे आणि आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्याच्या पत्त्यावरही श्रीपूरच आहे. ऊस इथला, पण तो तोडणारे हात बरेचसे बाहेरचे. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून आलेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, अनेक कोयत्यांची एक टोळी आणि टोळीवर मुकादम. हंगाम पाच-सहा महिन्यांचा.

कोपीत चूल पेटते तेव्हा डब्यात गावाकडून आणलेलं पीठ असतं. ते संपलं, की प्रश्न येतो रेशनचा. कार्ड तर गावाकडं, सासूच्या ट्रंकेत. मग इथल्या दुकानात धान्य मिळेल का?

मिळेल. कार्ड ट्रंकेतच राहिलं तरी मिळेल. कारण रेशन कार्ड म्हणजे आता ते पिवळं-केशरी पुस्तक राहिलेलं नाही. खरं कार्ड म्हणजे बारा अंकी आरसी नंबर, त्याला जोडलेले घरातल्या माणसांचे आधार क्रमांक आणि दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर टेकवायचा अंगठा. दुकानदार नंबर टाकतो, पडद्यावर कुटुंबाची यादी येते, समोरच्या माणसाचा अंगठा जुळतो, पावती निघते आणि तेवढं धान्य त्या महिन्याच्या कोट्यातून वजा होतं. हे सगळं सुरळीत चाललं तर दोन मिनिटांचं काम. अडलं, तर मात्र हेलपाटे सुरू. आणि बहुतेकांचे हेलपाटे वाढतात ते नेमकं काय अडलंय हे कळत नाही म्हणून. 'मशीन घेत नाही' एवढं एकच उत्तर पाच वेगवेगळ्या दुखण्यांना मिळतं.

हक्क किती, कुणाचा?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि राज्यातली सुमारे सात कोटी माणसं त्याच्या कक्षेत आली. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, मग घरात दोन माणसं असोत की आठ. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. सुरुवातीला तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो होतं. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झालं आणि १ जानेवारी २०२४ पासून ती मुदत आणखी पाच वर्षांनी वाढली. म्हणजे पावतीवर या धान्यापुढं रक्कम शून्य असायला हवी. अंत्योदय कुटुंबाला मिळणारी महिन्याची किलोभर साखर तेवढी विकतची, २० रुपयांची. साखर कारखान्याच्या सावलीत राहणाऱ्यालाही तिच्यासाठी अंगठा लावावाच लागतो.

पहिला घोळ होतो तो कार्डाच्या रंगावरून. पिवळं, केशरी, पांढरं ही वाटणी १९९९ची. अन्न सुरक्षा कायद्याचा हक्क रंगावर नाही, तर 'अंत्योदय' किंवा 'प्राधान्य' या नोंदीवर ठरतो. केशरी कार्ड दोघांकडं असतं; एकाला धान्य मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही. दुसऱ्याची प्राधान्य यादीत निवड झालेली नसते. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये अशी २०१३ साली ठरली. 'माझं केशरी कार्ड आहे, तरी धान्य का नाही?' हा प्रश्न दुकानदाराला विचारून उपयोग नसतो. त्याचं उत्तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, श्रीपूरकरांसाठी माळशिरसला.

गावचं रेशन परगावी

ऊसतोड कामगाराला श्रीपुरात धान्य मिळतं ते पोर्टेबिलिटीमुळं. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांच्या दोन जोड्यांनी झाली: एक आंध्र-तेलंगणाची, दुसरी महाराष्ट्र-गुजरातची. १ जानेवारी २०२० ला बारा राज्यं जोडली गेली आणि जून २०२२ मध्ये आसाम आल्यावर सगळा देश. राज्यातल्या राज्यात जिल्हा बदलला तरी हीच सोय चालते. कुठलाही अर्ज नाही, दाखला नाही, कार्ड इकडं वळवून घ्यायचं नाही.

पण यात एक बारीक गाठ आहे. समजा, बीडकडच्या एका घरात सहा माणसं आहेत. प्राधान्य कार्ड, म्हणजे महिन्याला ३० किलो. लेक आणि सून श्रीपूरला, आई-वडील आणि दोन नातवंडं गावी. कोट्याचा काही भाग इथं आणि उरलेला तिथं, असा उचलता येतो. मात्र गावी आजोबांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळे ३० किलो उचलले, तर श्रीपूरच्या यंत्रावर शिल्लक शून्य दिसणार. सुनेला वाटतं दुकानदारानं हाकललं. दुकानदार म्हणतो मशीन घेत नाही. खरं तर धान्य आजोबांच्या कणगीत पडलेलं असतं. यावर उपाय फोनचा. महिना लागला, की कोण किती उचलणार हे घरातल्या घरात ठरवून टाकायचं.

दुसरी अडचण दुकानदाराच्या बाजूची. त्याच्याकडं येणारं धान्य मुख्यतः त्याच्या दुकानाला जोडलेल्या कार्डांच्या हिशोबानं येतं. हंगामात टोळ्या उतरल्या, की आपल्या गिऱ्हाइकांना धान्य कमी पडेल या धास्तीनं तो हात आखडता घेऊ शकतो. पण बाहेरगावच्या कार्डावर दिलेल्या धान्याचंही कमिशन त्याला मिळतं, आणि 'तुमचं कार्ड इथलं नाही' हे कारण नियमात बसत नाही. तेव्हा महिनाअखेरीपर्यंत थांबण्यापेक्षा पहिल्या पंधरवड्यातच दुकान गाठलेलं बरं.

कडी कुठं तुटली?

धान्य अडलं, की आधी पाच गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात: नाव, आधार, अंगठा, सर्व्हर आणि साठा.

नावाची आणि तिच्याबरोबर आधारची कडी बहुतेकदा लग्नात तुटते. मुलगी सासरी येते, पण तिचं नाव माहेरच्या कार्डावरच असतं. एक आधार दोन कार्डांवर चालत नाही, म्हणून सासरच्या कार्डात नाव चढत नाही. आधी माहेरी नाव कमी करायचं, त्याचा दाखला घ्यायचा आणि मग सासरी नाव वाढवायचं, हा क्रम चुकला की वर्ष निघून जातं. बाळ जन्मलं, की जन्मदाखल्यावर त्याचंही नाव लावून घ्यावं. प्राधान्य कुटुंबात एका नावाला महिन्याचे पाच किलो असतात. ही कामं सेवा हक्क कायद्याखाली येतात, म्हणजे त्यांना मुदत आहे. अर्जाची पोच जपून ठेवली तरच ती मुदत मोजता येते.

अंगठ्याची कडी तुटते ती कष्टानं. कोयता धरून, मोळी आवळून, उसाचं पाचट ओढून बोटांच्या रेषा झिजतात. वयानंही झिजतात. अंगठा लागला नाही, तर हात स्वच्छ धुऊन, पुसून दुसरं बोट लावून पाहावं. यंत्राला दहाही बोटं चालतात. महाराष्ट्रात २०२४ पासून आलेल्या नव्या ई-पॉस यंत्रांना डोळ्याचं बुबुळ टिपण्याची सोय आहे, ती मागावी. घरातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो. एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नॉमिनी, म्हणजे त्याच्या वतीनं धान्य उचलणारा माणूस नेमता येतो. बोटं वारंवार नाकारली जात असतील, तर आधार केंद्रावर ठसे नव्यानं द्यावेत. मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावेच लागतात. तेव्हा शाळकरी मुलाचा अंगठा लागत नसेल तर कारण बहुधा हेच.

आणि एवढं करूनही काहीच जुळलं नाही तर? तरीही धान्य नाकारता येत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. कुटुंबाचं रेशन आधार जोडलेलं नसल्यानं बंद झालं होतं आणि ती भुकेनं गेली, असं घरच्यांनी सांगितलं. प्रशासनानं ते नाकारलं. देशभर गदारोळ झाला. २४ ऑक्टोबर २०१७ ला केंद्र सरकारनं राज्यांना बजावलं, की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून कुणालाही धान्य नाकारू नये. दुसरी ओळख पाहून आणि वहीत नोंद करून धान्य द्यावं.

सर्व्हरचं दुखणं वेगळं. रेंज गेली किंवा यंत्रणा कोलमडली, तर एका दुकानात नाही, सगळीकडंच वाटप थांबतं. २०२४च्या पावसाळ्यात राज्यात असा घोळ झाला आणि शासनाला ऑफलाइन वाटपाची मुभा द्यावी लागली. अशा वेळी शेजारच्या दुकानात चौकशी केली, की दोष अंगठ्याचा की यंत्रणेचा हे लगेच कळतं. साठ्याचा प्रश्नही असाच तपासता येतो. राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर आरसी नंबर टाकला, की त्या महिन्यात आपल्याला किती मंजूर झालं आणि किती दिल्याची नोंद आहे हे दिसतं. हातात वीस किलो आणि नोंदीत तीस, असं दिसलं तर तो तांत्रिक बिघाड नव्हे.

म्हणूनच पावती. ती मागायला लाजू नये.

सहा महिन्यांची मेख

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त धावपळ झाली ती ई-केवायसीची. कार्डावरच्या प्रत्येक माणसानं एकदा स्वतः ठसा देऊन आपण जिवंत आहोत, आहोत तेच आहोत, हे सिद्ध करायचं. मुदती लागल्या आणि अनेकदा वाढल्या. त्यासाठी गावाकडं परतायची गरज नाही. ते कुठल्याही रेशन दुकानात होतं आणि फुकट होतं. ज्यांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे, त्यांना 'मेरा ई-केवायसी' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप वापरून चेहरा दाखवूनही ते घरबसल्या करता येतं. कुणी फोन करून 'कार्ड बंद पडणार, ओटीपी सांगा' म्हणालं, किंवा एखादी लिंक पाठवली, तर तो पुरवठा खात्याचा माणूस नाही, हे धरून चालावं.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं वितरणाच्या आदेशात दुरुस्ती केली. ई-केवायसी दर पाच वर्षांनी करायचं ठरलं. आणि ज्या कार्डावर सलग सहा महिने धान्य उचललं गेलं नाही, ते तात्पुरतं थांबवायचं. त्यानंतर तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी आणि ई-केवायसी करून पात्रता ठरवायची. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच असतो. सगळं घर कुलूप लावून टोळीबरोबर निघालं आणि श्रीपुरात एकदाही अंगठा लावला नाही, तर गावी परतल्यावर कार्ड थांबलेलं सापडू शकतं. पडताळणीला माणूस आला तेव्हा दाराला कुलूप असलं, तर पुढचं निस्तरणं आणखी अवघड. म्हणून मुक्कामी महिन्याला एकदा, निदान थोडं तरी धान्य उचललेलं बरं.

कार्डाची डोकेदुखी फक्त आपलीच नाही. अमेरिकेत 'स्नॅप' योजनेतून सुमारे चार कोटी लोकांना अन्नासाठी मदत मिळते, तीही प्लास्टिकच्या कार्डावर. तिथं अंगठा नाही; चार आकडी पिन आहे. चोरटे दुकानातल्या यंत्राला छुपी पट्टी बसवून कार्डाची माहिती आणि पिन टिपतात आणि महिन्याची रक्कम लंपास करतात. तिथली बहुतेक कार्डं जुन्या चुंबकीय पट्टीचीच. कॅलिफोर्नियानं २०२५ मध्ये चिपचं कार्ड आणायला सुरुवात केली. चोरीला गेलेली रक्कम केंद्राच्या पैशातून भरून देण्याची सोय २० डिसेंबर २०२४ नंतर संपली. तिकडं खोटा माणूस खरा ठरतो, इकडं खरा माणूस खोटा ठरतो.

दाद कुठं मागायची?

आधी दुकानदार, मग माळशिरसच्या तहसीलमधला पुरवठा निरीक्षक, त्यावर सोलापूरचे जिल्हा पुरवठा अधिकारी. फोनवर तक्रारीसाठी १९६७ आणि १८०० २२ ४९५० हे टोल-फ्री क्रमांक आहेत. तक्रार तोंडी करून सोडू नये. क्रमांक घ्यावा, तारीख लिहावी. कायद्यानं जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग नेमलेला आहे. फार कुणाला ठाऊक नसलेली एक तरतूद कलम ८ मध्ये आहे: हक्काचं धान्य मिळालंच नाही, तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. २०१५च्या नियमांनी त्याचं गणितही ठरवलंय: हमीभावाच्या सव्वापट रकमेतून रेशनचा दर वजा करून जे उरेल ते. तो मागायचा तर 'अमुक महिन्यात, अमुक दुकानात, अमुक कारणानं धान्य नाकारलं' हे कागदावर असावं लागतं. याच कायद्यानं घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत वडील बाईला कुटुंबप्रमुख केलं आहे. तक्रारीखाली सही करायला त्यामुळं सासूबाई पुढं झाल्या तरी चालतं.

मार्च सरता सरता हंगाम संपतो, कारखान्याचा पट्टा पडतो. कोप्या मोडल्या जातात, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढतात. आगाऊ घेतलेली उचल फिटली की नाही, याचा हिशोब मुकादमापाशी सुरू होतो. त्या गडबडीत एक छोटा हिशोब राहून जातो: चालू महिन्याचं धान्य इथं उचललं, की गावी जाऊन उचलायचं आहे? दुकान वाटेवरच असतं. नंबर टाकला, की यंत्रावर शिल्लक दिसते. पोतं ट्रॅक्टरवर टाकायचं, की गावाकडं आजोबांना फोन लावायचा, ते तिथंच ठरतं.