म मातीचा

सकाळी नऊ. मदतनीस मावशींनी कुलूप काढून झाडायला घेतलंय. मी येताना वाटेतल्या एका गणपतीच्या कारखान्यातून शाडूचा गोळा मागून आणलाय. नागपंचमी जवळ आली की आमच्या पेणच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात रिकाम्या हाताचा माणूस दिसत नाही. डोळ्यांची आखणी करणाऱ्यांना तर मान वर करायला सवड नसते. तरी अंगणवाडीसाठी म्हटलं की माती मिळतेच. गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवते. या आठवड्यात म घ्यायचाय.

साडेनऊ. पोरं भिजतच येतात. पाय पुसणं, हात धुणं, प्रार्थना, हजेरी.

दहा. गोल करून बसलो. मध्ये सूप, सुपात मक्याचं कणीस, मूठभर मटकी, लहानसं मडकं, खडेमीठ आणि माशाचं चित्र. भिंतीवरच्या तक्त्यात म मगरीचा आहे, पण इथल्या एकाही पोराने मगर पाहिलेली नाही. खाडीकाठचं मीठ मात्र प्रत्येकाने चाखलंय.

चित्र दाखवून विचारलं, "हे काय?"

"जिताडा!" खारेपाटात आजोळ असलेला एक जण ओरडला.

"नाय, निवटी हाय," शेजारची म्हणाली.

दोघंही शहाणी आहेत. ज्यांच्या घरात मासळी नावानिशी ओळखतात, त्यांना नुसतं 'मासा' कसं सुचेल? चित्र बाजूला ठेवलं आणि मटकी पुढे घेतली.

मग आरसा फिरवला. म म्हणताना ओठ मिटतात, ते ज्याने त्याने आपल्या तोंडावर पाहायचं. म ऐकू आला की हात वर. "मका", सगळे हात वर. "पेरू", सगळे खाली. "नळ" म्हटलं तर निम्मे हात वर गेले. म आणि न दोन्ही नाकातून येतात, म्हणून कान फसतो. पुन्हा आरसा. न म्हणताना ओठ उघडेच राहतात हे एकीने शोधून काढलं आणि बाकीच्यांना दाखवत सुटली.

ऐकायच्या खेळात माती, मीठ, मूर्ती सगळं चालतं. अक्षर डोळ्यांपुढे ठेवायचं तेव्हा मात्र मी मका, मटकी, मडकं एवढंच घेते. 'म'ला काना-वेलांटी मागाहून. भ तर आणखी बऱ्याच दिवसांनी, कारण म आणि भ दिसायला फार जवळचे. लागोपाठ घेतले की मुलं गोंधळतात.

पावणेअकरा. माती बाहेर काढली. जमिनीवर खडूने हातभर मोठा म काढला, मातीच्या लांब वळ्या केल्या आणि रेघेवर बसवायला लागलो. तीन वर्षांची पोरं साप करतात, लाडू करतात, कुणी मोदक वळतं. मी अडवत नाही. त्यांची बोटं तयार होतायत. जिचे वडील आखणी करतात ती साडेचार वर्षांची मुलगी मात्र खाली गाठीपाशी अडली. वळी तुटली. तिने बोट पाण्यात बुडवलं, सांधा हलक्या हाताने लिंपला, उरलेल्या वळीचं वेटोळं घालून गाठ बसवली. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. घरात रोज डोळ्यांसमोर चालतं, तेच हातात उतरलंय.

माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवतात. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला वाढवलं, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. सरकारी अंगणवाड्यांची योजना आली 1975 साली, म्हणजे तीस वर्षांनी. माझ्याकडे एखादं साधन नसतं तेव्हा मी बोर्डीचा विचार करते आणि आजूबाजूला बघते. इथे शाडू आहे.

बारा. मटकीची उसळ आणि भात. "म खाल्ला!" म्हणत ताटल्या पुढे येतात.

एक. न्यायला आलेल्या आईचा नेहमीचा प्रश्न: "बाई, पाटीवर कधी लिहिणार? जावेचा मुलगा इंग्लिश मीडियमला जातो, त्याला ए टू झेड येतं."

"वहिनी, आज घरी तुमच्या लेकराला विचारा, स्वैपाकघरात म कशाकशात आहे. पेन्सिल धरायला बोटांत जोर आला की पाटी मीच देईन."

तिचं पूर्ण समाधान झालं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. तरीही तीन-चार वर्षांच्या मुलाकडून पाटीभर अक्षर गिरवून घ्यायला मी तयार नाही. गिरवून हात दुखला की मूल अक्षरावरच रुसतं.

अडीच. कातकरवाडीत गृहभेट. दिवाळी झाली की इथली बरीच घरं वीटभट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही त्यांच्यासोबत जातात. या मुलांसाठी माझ्याकडे पावसाळ्याचेच महिने असतात. त्यात सगळी अक्षरं बसत नाहीत, म्हणून त्यांच्या रोजच्या वस्तूंची अक्षरं आधी घेते. घरी बोलतात कातकरी. वर्गात त्यांनी वस्तूला घरचं नाव दिलं तर ते आधी ऐकून घ्यायचं, मग आमचं सांगायचं. सारखं चूक-चूक म्हटलं तर मूल दुसऱ्या दिवशी फिरकतच नाही.

एका मुलाचा बाप दारात बसला होता. मातीचं काम दाखवलं असं सांगितलं तर म्हणाला, "विटांची माती आणून देऊ का? माझ्या पोराला ती ठावं हाय."

चार. पोषण ट्रॅकरवर हजेरी आणि आहाराची नोंद केली, दोघांची वजनं राहिलीत ती उद्यावर ढकलली. उद्याच्या नियोजनात लिहिलं: विटांची माती आणि शाडू शेजारी-शेजारी, दोन्ही हाताळून बघणं, कुठली लवकर वाळते ते पाहणं. वळ्या करायला पाण्याची बादली.