विश्लेषण : कुंडीत सहज रुजणारी शिंदळ माकुडी कड्यावर दुर्मीळ का?

पाऊस ओसरू लागला की जुन्नर, पुरंदर, सातारा परिसरातील मोजक्या कड्यांवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चांदणी उमलते. पाच पाकळ्या, गडद तांबूस-जांभळा रंग आणि त्यावर पिवळी नक्षी. हे शिंदळ माकुडीचे फूल. ही वनस्पती निसर्गतः फक्त महाराष्ट्रात आढळते. १९८०च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) जगातील सर्वाधिक धोक्यातील १२ वनस्पतींमध्ये तिचा समावेश केला होता.

गव्हर्नरचे नाव कसे मिळाले?

मुंबई इलाख्याच्या वन खात्यातील स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली. तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून नाव ठेवले ‘फ्रेरिया इंडिका’. पुढे अभ्यासकांनी तिला कॅरलुमासह इतर वंशांत हलवले. वंश बदलला तरी गव्हर्नर काही सुटले नाहीत, प्रजातीच्या नावात ते राहिलेच.

कड्यावरच का?

खडकाच्या कपारीत माती मूठभर, पाणी चार महिनेच. ही वनस्पती मांसल खोडात पाणी साठवते आणि उन्हाळ्यात पाने गाळून टाकते. तिच्या जवळच्या माकडशिंगला नावालाच पाने असतात, हिला मात्र पावसाळ्यात चांगली भरदार पाने येतात. उभ्या कड्यावर शेळ्यांचे तोंड आणि गवताचा वणवा सहसा पोहोचत नाही. दरड कोसळली, तर मात्र कपारीसह सगळे खाली येते.

मग अडते कुठे?

तुटलेल्या खोडाचा तुकडाही रुजतो. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींच्या कुंड्यांतही ती दिसते. म्हणजे ती नष्ट होणार नाही, असे वाटू शकते. पण खोडापासून केलेले रोप म्हणजे त्याच झाडाची प्रत. शंभर कुंड्या भरल्या तरी जनुकीय विविधता वाढत नाही.

ती वाढते बियांमधून, आणि तिथेच खरी अडचण आहे. रुईच्या कुळातील या फुलात पराग सुटे नसतात, त्यांची पुडकी असतात. माशीच्या अंगाला पुडके अडकावे, ती दुसऱ्या झाडावर जावी आणि तेथील फुलाच्या अरुंद फटीत ते नेमके बसावे, तेव्हा बी धरते. झाडे विरळ झाली की ही साखळी तुटते. झुबकेदार केसांचे बी वाऱ्यावर उडते खरे, पण त्याला कपार सापडावी लागते. संवर्धन केंद्रांत वाढवलेली रोपे कड्यांवर परत लावण्याचे प्रयोग झाले आहेत.

फोटोने काय बिघडते?

कड्यावर आठ-दहाच झाडे असतील, तर एक हौशी संग्राहक पुरेसा असतो. म्हणूनच नेमक्या कपारी या लेखात दिलेल्या नाहीत. मोबाइलमध्ये लोकेशन सुरू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश नोंदले जातात. बहुतेक समाजमाध्यमे ते काढून टाकतात. मात्र तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून ग्रुपवर पाठवला, तर कपारीचा पत्ताही सोबत जातो.