रामटेक

रामटेक हे महाराष्ट्र राज्याच्या नागपूर जिल्ह्यातील एक लहान शहर व तालुक्याचे मुख्यालय आहे. ते नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, एका एकाकी डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले आहे. डोंगरावरील राम-लक्ष्मणाची मंदिरे, वाकाटककालीन शिल्पे आणि महाकवी कालिदासाच्या 'मेघदूत' या काव्याशी जोडले गेलेले नाते यांमुळे हे शहर प्रसिद्ध आहे. कार्तिक महिन्यातील यात्रेपासून थंडी ओसरेपर्यंतच्या काळात नागपूर व विदर्भातील लोक येथे मोठ्या संख्येने सहलीसाठी येतात. काव्यातील 'रामगिरी' म्हणजे हेच स्थान काय, हा प्रश्न विद्वानांमध्ये दीर्घकाळ चर्चिला गेला आहे.

## स्थान व हवामान

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग कामठी, कन्हान या गावांवरून मनसरला पोहोचतो. तेथून पूर्वेस वळल्यावर काही किलोमीटरवर रामटेक लागते. कन्हानपासून रामटेकपर्यंत रेल्वेची एक लहान शाखाही आहे व रामटेक हे तिचे शेवटचे स्थानक होय. मुख्य मंदिरे असलेला डोंगराचा भाग शहरापासून सुमारे १५० मीटर उंच आहे. भोवतालचा प्रदेश सपाट असल्यामुळे गडावरील शुभ्र शिखरे दूरवरून दिसतात.

विदर्भातील उन्हाळा अतिशय कडक असतो. त्या दिवसांत दगडी पायऱ्यांनी गड चढणे त्रासदायक ठरते. हिवाळ्यात मात्र हवा कोरडी व आल्हाददायक असते, पहाटे तलावांवर धुके दिसते आणि पावसाने भरलेले जलाशय अद्याप आटलेले नसतात. त्यामुळे कार्तिक ते माघ हा काळ रामटेकच्या भेटीसाठी सर्वांत सोयीचा मानला जातो.

## नावे

'रामटेक' या नावाविषयी अनेक समजुती आहेत. वनवासात श्रीराम या टेकडीवर टेकले, म्हणजे विसावले, अशी एक समजूत आहे. राक्षसांचा नाश करण्याची 'टेक', अर्थात प्रतिज्ञा, त्यांनी येथे केली, असे दुसरी सांगते. रामगिरी, सिंदूरगिरी व तपोगिरी ही डोंगराची जुनी नावे होत. येथील दगडाच्या तांबूस रंगाचा संबंध परंपरेने नरसिंहाने केलेल्या हिरण्यकशिपूच्या वधाशी जोडला आहे, तर तपोगिरी हे नाव ऋषींच्या तपश्चर्येची आठवण देते.

## इतिहास

### वाकाटक काळ

चौथ्या-पाचव्या शतकात या प्रदेशावर वाकाटक राजवंशाची सत्ता होती. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन होय, असे सामान्यतः मानले जाते. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला होता. पतीच्या अकाली निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्रांच्या वतीने राज्यकारभार पाहिला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट 'रामगिरिस्वामी'च्या चरणांपाशी दिला गेल्याचा उल्लेख त्यातच आहे. वाकाटकांच्या काळी रामगिरी नावाचे वैष्णव तीर्थस्थान राजघराण्याला पूज्य होते, हे यावरून निश्चित होते.

डोंगरावरील केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवरील एक शिलालेख १९८० च्या दशकाच्या प्रारंभी उजेडात आला. तोपर्यंत तो थरांखाली झाकलेला होता. लेखाचा काही भाग झिजलेला असल्यामुळे त्याच्या वाचनाविषयी मतभेद आहेत, तथापि त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाशी संबंधित 'प्रभावतीस्वामी' या देवतेचा उल्लेख आढळतो. नगरधन येथील अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली आहे.

### यादव व भोसले काळ

लक्ष्मण मंदिरातील शिलालेख देवगिरीच्या यादव राजा रामचंद्राच्या काळातील आहे. त्यात डोंगराची जुनी नावे व येथील तीर्थांचे माहात्म्य वर्णिले आहे. महानुभाव परंपरेनुसार, चक्रधरस्वामी गुजरातमधून रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने निघाले व वाटेत रिद्धपूर येथे त्यांची गोविंदप्रभूंशी भेट झाली. तेराव्या शतकात या स्थानाची कीर्ती गुजरातपर्यंत पोहोचली होती, असे या कथेवरून दिसते. अठराव्या शतकात नागपूरच्या भोसल्यांनी मंदिरांचा जीर्णोद्धार केला आणि गडाची तटबंदी मजबूत केली.

## रामगिरीचा प्रश्न

'मेघदूता'तील यक्ष कुबेराच्या शापामुळे एक वर्ष रामगिरीवर राहतो. तेथील जल सीतेच्या स्नानाने पवित्र झालेले असून डोंगरावर रामाच्या पाऊलखुणा आहेत, असे कवी सांगतो. हा डोंगर नेमका कोणता, याविषयी तीन प्रमुख मते आहेत.

वल्लभदेव व मल्लिनाथ या जुन्या टीकाकारांनी रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हटले. या मतातील मोठी अडचण भौगोलिक आहे. काव्यातील मेघ उत्तरेकडे जाताना नर्मदा ओलांडतो, परंतु चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेसच आहे. दुसऱ्या मतानुसार छत्तीसगडच्या सरगुजा भागातील रामगढ हा तो डोंगर होय. तेथील सीताबेंगा व जोगीमारा या प्राचीन गुहा आणि त्यांतील लेख या मताच्या समर्थनार्थ पुढे केले जातात. मात्र तेथून अमरकंटक व विदिशेकडे जाणारा मार्ग मुख्यतः पश्चिमेचा ठरतो.

रामटेकच्या बाजूने सर्वांत सविस्तर मांडणी नागपूरचे संस्कृतज्ञ व पुराभिलेखतज्ज्ञ वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांनी केली. ताम्रपटातील रामगिरिस्वामी, जवळची वाकाटक राजधानी, यादवकालीन लेखातील नाव आणि येथून उत्तरेस असलेली नर्मदा हे त्यांच्या मताचे मुख्य आधार होत. प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने महाराष्ट्री प्राकृतात 'सेतुबंध' हे काव्य रचले. त्याच्या रचनेत कालिदासाचा सहभाग होता, असे या काव्याचा टीकाकार रामदास सांगतो. तथापि हा टीकाकार फार नंतरच्या काळातील आहे. शिवाय काव्यातील आम्रकूट म्हणजे अमरकंटक मानल्यास रामटेकहून निघालेल्या मेघाला ईशान्येस फार दूर जावे लागते. म्हणून या मताचे काही समर्थक आम्रकूटाचा शोध सातपुड्यातच घेतात.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे. वाकाटकांचा रामगिरी म्हणजे रामटेक, याला लेखांचा भक्कम आधार आहे. कालिदासाचा रामगिरी तोच, हे मात्र काव्यातील वर्णन व भूगोल यांवरून काढलेले अनुमान आहे. ते बहुमान्य असले तरी सिद्ध झालेले नाही.

## गडावरील वास्तू

अंबाळा तलावाच्या काठावर अनेक लहान मंदिरे आहेत व तेथे श्राद्धादी विधी केले जातात. तलावापासून गडावर जाणारा पायऱ्यांचा जुना मार्ग आहे, तर दुसऱ्या बाजूने वाहनांचा रस्ता आहे. गडावर क्रमाने वराह, सिंहपूर, भैरव व गोकुळ हे दरवाजे लागतात. वराह दरवाजाजवळ एकाच पाषाणात घडवलेली वराहाची भव्य मूर्ती आहे. तिच्या पायांमधून जो सहज पार होतो तो निष्पाप, अशी लोकसमजूत आहे.

केवल नरसिंह व रुद्र नरसिंह ही मंदिरे वाकाटक काळातील असून त्रिविक्रमाचे शिल्पही त्याच काळातील मानले जाते. नरसिंहाच्या दोन्ही मूर्ती ठेंगण्या, भरीव शरीराच्या आणि शांत मुद्रेच्या आहेत. हिरण्यकशिपूला फाडणारा उग्र नरसिंह येथे दिसत नाही. सर्वांत वरच्या भागात राम व लक्ष्मण यांची मंदिरे आहेत. कालिदास स्मारकात कवीच्या साहित्यकृतींतील प्रसंगांवर आधारित चित्रे आहेत.

## हिवाळ्यातील उत्सव

'मेघदूता'चे स्मरण सामान्यतः आषाढाच्या पहिल्या दिवशी केले जाते, कारण त्या दिवशी यक्षाला मेघ दिसतो. परंतु यक्षाचा शाप संपतो तो शेषशायी विष्णू निद्रेतून उठल्यावर, म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशीस. त्यानंतरच्या शरदाच्या चांदण्या रात्री पत्नीच्या सहवासात घालवण्याची आशा तो व्यक्त करतो. रामटेकची मोठी यात्रा याच सुमारास, कार्तिक पौर्णिमेला भरते. आदल्या दिवशी, वैकुंठ चतुर्दशीला, शहरातून देखाव्यांसह शोभायात्रा निघते. यात्रा व काव्य यांच्यातील हा मेळ योजून घडवलेला नाही. दोन्हींच्या मुळाशी चातुर्मासाच्या समाप्तीची एकच वैष्णव कालगणना आहे.

कालिदासाच्या नावाने होणाऱ्या महोत्सवात शास्त्रीय संगीत, नृत्य व नाट्य यांचे कार्यक्रम सादर होतात. हा महोत्सव बहुधा नोव्हेंबरच्या सुमारास नागपूर व रामटेक येथे आयोजित केला जातो. १९९७ साली स्थापन झालेल्या कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाचे मुख्यालय रामटेक येथे आहे.

## परिसर

- खिंडसी तलाव: सिंचनासाठी ब्रिटिश काळात बांधलेला जलाशय. येथे नौकाविहाराची सोय आहे.
- मनसर: येथील टेकडीच्या उत्खननात विटांच्या मंदिराचे विस्तीर्ण अवशेष मिळाले. येथे सापडलेली शिवाची प्रसिद्ध मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मनसर हे मॅंगनीजच्या खाणींसाठीही ओळखले जाते.
- नगरधन: प्राचीन नंदिवर्धनाचे स्थान. येथे भुईकोट किल्ला आहे.
- शांतिनाथ मंदिर: दिगंबर जैनांचे अतिशय क्षेत्र.
- कर्पूर बावडी: मध्ययुगीन बारव व मंदिर.

विड्याच्या कपुरी पानांचे मळे ही रामटेकची जुनी ओळख आहे.

## जतन

गडावरील बहुतेक प्राचीन मंदिरांत आजही पूजा चालते. अखंड उपासनेमुळे ही मंदिरे पडीक झाली नाहीत, परंतु शेंदूर, तेल व चुन्याच्या थरांखाली जुने लेख आणि शिल्पांतील बारकावे झाकले जातात. केवल नरसिंह मंदिरातील लेख शतकानुशतके भाविकांच्या डोळ्यांसमोर असूनही अज्ञात राहिला. यात्रेच्या काळात वाढणारी गर्दी लक्षात घेता, भिंतींवर नावे न कोरणे, मूर्तींवर रंग वा तेल न लावणे आणि तलावांत निर्माल्य न टाकणे या साध्या बाबी येथील पुराव्याच्या रक्षणासाठी महत्त्वाच्या ठरतात. रामगिरीविषयीच्या वादात भर घालणारा एखादा लेख अशाच थराखाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.