वासराचा चीक आणि बाळाचा चीक

गाय व्याली म्हणजे वासरास तासाभरात चीक पाजावा, हे शेतकऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. खरवसाची ओढ घरात सर्वांसच असते. तरीही वासराचा वाटा आधी राखला जातो. नवल असे की, त्याच घरात बाळंतिणीचा दाट, पिवळसर चीक 'जड' म्हणून पिळून टाकला जातो व तान्ह्या बाळास मध किंवा गुळाचे पाणी चाटविले जाते. वासरास रोगाशी झुंजण्याची शक्ती मुख्यतः चिकातूनच मिळते. मानवी अर्भकास ती काही अंशी गर्भातच मिळालेली असते हे खरे. परंतु त्याच्या कोवळ्या आतड्यांचे रक्षण चीकच करतो. म्हणून बाळास जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजावे व पुढे सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीदेखील देऊ नये. औषध द्यावयाचे ते केवळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

नाळेच्या बाबतीतही असाच उलटा प्रकार आढळतो. शेण हे पिकाचे सोने होय. पण धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच वास करतात. नाळेस शेण, राख वा हळद लावू नये; ती कोरडी व उघडी ठेवावी. गरोदरपणी मातेस धनुर्वाताची लस टोचल्याने व प्रसूती स्वच्छ रीतीने होऊ लागल्याने हा रोग पुष्कळ हटला आणि 2015 साली भारतातून नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. तरी लस चुकवून चालणार नाही, कारण जंतू जमिनीत आहेतच.

बाळ गार पडणे हे दुखणे साधे वाटते, पण घातक आहे. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळास आईने उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. खोलीत शेगडीचा धूर मात्र कोंडू देऊ नये.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी व उपचार शिकविले. 39 गावांतील या प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण, प्रयोगाबाहेरील गावांशी तुलना करता, सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली प्रसिद्ध झाले. पुढे 2011 पासून देशभर आशा कार्यकर्ती घरी येऊ लागली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळास ती 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी पाहते. घरी जन्मलेल्यास पहिल्या दिवशीही. पेरणीच्या घाईत घरास कुलूप असल्यास तिची फेरी वाया जाते. तेव्हा बाळंतीण कोठे आहे हे शेजाऱ्यांस सांगून ठेवावे.

श्वास मोजणे कोणासही जमते. बाळ शांत असता पोटाची हालचाल पुरे एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास 60 वा अधिक भरल्यास पुन्हा एकदा मोजावेत. तितकेच भरले, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळाने दूध सोडले, अंग तापले, गार वा लुळे पडले, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ न दवडता 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. वाटेत बाळ आईच्या छातीशीच असावे, आणि ओढत असेल तर त्यास पाजीत राहावे.