दोन किलोबाइटची भिंत

मगाशी एकाने विचारलं, "सर, प्रोग्राम बरोबर आहे, पण लिंकर म्हणतो कोडची मर्यादा ओलांडली. स्पर्धा आठवड्यावर आलीय, काय करू?" प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून नीट बघू.

आधी ठरवा, मर्यादा कुणाची? तुमची चिप एटी८९एस५२. तिच्यात प्रोग्रामसाठी ८ किलोबाइट जागा आहे. कील सी५१ ची चाचणी आवृत्ती मात्र २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइटपर्यंतच कोड बांधून देते. चिपमध्ये जागा भरपूर आहे. अडवतंय ते अवजार.

मग या २०४८ बाइटमध्ये भरलंय काय? तुमचा प्रकल्प तापमापकाचा. एलएम३५ सेन्सर, एडीसी०८०४ आणि एलसीडी. तुम्ही एडीसीच्या आकड्याला दशांश अपूर्णांकाने गुणता आणि स्प्रिंटएफने छापता. या दोन ओळींसाठी कंपायलर फ्लोटचं गणित आणि छपाईची लायब्ररी आत ओढतो. तुमचा स्वतःचा कोड त्या मानाने थोडाच असतो!

आता युक्ती बघा. एलएम३५ दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो. एडीसी०८०४ ची व्हीरेफ बाय टू पिन मोकळी सोडली, तर ५ व्होल्टचे २५६ भाग होतात आणि एक पायरी सुमारे १९.५ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळपास दोन अंशांची येते. त्याच पिनला १.२८ व्होल्ट द्या. आता २.५६ व्होल्टचे २५६ भाग, पायरी बरोबर १० मिलिव्होल्टची. एडीसीने ३४ दिले की तापमान ३४ अंश. गुणाकार नाही, फ्लोट नाही, आणि मोजमापही आधीपेक्षा बारीक झालं. छापायला ३४ ला १० ने भागा: भागाकार ३, बाकी ४. प्रत्येकात ४८ मिळवा, एलसीडीला हवा तो अंक तयार. स्प्रिंटएफची गरजच संपली.

एवढं करूनही कोड मोठाच राहिला, तर एसडीसीसी वापरा. तो मोफत आणि मुक्त स्रोत आहे, त्यात ही २ किलोबाइटची अट नाही. पिना आणि इंटरप्ट जाहीर करण्याची पद्धत वेगळी आहे, तेवढ्या ओळी बदलाव्या लागतील. त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. आदल्या रात्री हे करू नका.

तिसरा रस्ता तुमच्या मनात आहे, मला ठाऊक आहे: क्रॅक. तो नको. बेकायदेशीर तर आहेच. शिवाय परीक्षक म्हणाले, "माझ्यासमोर कंपाइल करून दाखव," तर काय दाखवाल? आणि चाचणी आवृत्तीच्या वापराच्या अटी व स्पर्धेचे नियम, दोन्ही आधी वाचा.

पण १.२८ व्होल्ट का दिले, हे ज्याला सांगता येतं, त्याला परीक्षकासमोर घाबरायचं कारण नाही. आज घरी गेल्यावर लिंकरची मॅप फाइल उघडा आणि कोणती लायब्ररी किती बाइट खातेय, ते स्वतः मोजा.