मोटारीतील तांबडा दिवा



सुरतेच्या अडाजण भागात आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत असत. सारी सोसायटी त्यांना काका म्हणे. त्यांच्या वडील बंधूंनी मागे ठेवलेली विलायती बनावटीची, दोन आसनांची, उघड्या टपाची एक जुनी मोटार त्यांनी जिवापाड जपली होती. २०११ सालच्या हिवाळ्यात एके संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही शाळेत वीज शिकवता. माझ्या गाडीतला तांबडा दिवा मला सावध करीत होता की फसवीत होता, एवढे सांगा."

त्या दिव्याची हकीकत मोठी चमत्कारिक होती. दिवसा तो कधी दिसत नसे. रात्री पुढचे मोठे दिवे लावले की राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो मंद तेवू लागे. एका गॅरेजात डायनामो बिघडला आहे, असे निदान झाले. डायनामो बदलण्यात काही हजार रुपये खर्ची पडले, तरी दिवा होता तसाच राहिला. तेव्हा काकांनी त्रासून आतला बल्बच काढून टाकला.

पुढे महिन्याभराने रात्री नवसारीहून परत येत असता महामार्गावर पंख्याचा पट्टा तुटला. जो पट्टा डायनामो फिरवीत होता, तोच पाण्याचा पंपही फिरवीत होता. बल्ब जागेवर असता तर तो त्याच क्षणी लख्ख पेटला असता. आता मात्र इंजिन उकळून बंद पडले, तेव्हाच काय ते कळले. रस्ता काळोखाचा, मागून मालमोटारींची रीघ, आणि शेजारच्या आसनावर आठ वर्षांची नात! कोणाला इजा झाली नाही. परंतु त्या रात्रीनंतर त्यांच्या घरात गाडी विकून टाकण्याची भाषा सुरू झाली.

या दिव्याची रचना समजून घेतली म्हणजे त्याचे गूढ उरत नाही. बल्बचे एक टोक किल्लीच्या मार्गाने बॅटरीला जोडलेले असते आणि दुसरे डायनामोला. आपण किल्ली फिरवितो तेव्हा एका टोकाला बॅटरीचा बारा व्होल्टचा दाब असतो. डायनामो स्थिर असल्याने दुसऱ्या टोकाला काहीच नसतो. म्हणून वीज वाहते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन डायनामो फिरू लागला की दोन्ही टोकांचा दाब जवळजवळ सारखा होतो व दिवा विझतो. दोन हौदांतील पाण्याची पातळी सारखी झाली म्हणजे त्यांना जोडणाऱ्या नळातून पाणी वाहत नाही, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा हा दिवा कोणत्याही एका भागाचे नाव घेत नाही. दोन टोकांच्या पातळीत फरक पडला आहे, एवढेच तो सांगतो. फरक कोठे पडला, हे शोधणे माणसाचे काम आहे.

पट्टा नवा बसवून आणि इंजिनाची दुरुस्ती करून झाल्यावर आम्ही बल्ब पुन्हा जागेवर लावला. इंजिन वेगाने चालू ठेवून मोठे दिवे लावले आणि व्होल्टमीटरने दोन्ही टोके मोजली. डायनामोच्या बाजूस १४.१ व्होल्ट भरले, किल्लीच्या बाजूस जेमतेम १२. म्हणजे डायनामो आपले काम चोख बजावीत होता. दाब वाटेत कोठेतरी हरवत होता. मग एकेक जोड तपासत आम्ही डॅशबोर्डच्या मागे पोचलो. तेथे बोटभर लांबीच्या एका जोडावर सुमारे दोन व्होल्ट खर्ची पडत होते. जोड उघडला, तर आत हिरवा गंज आणि त्यात मुरलेला बारीक गाळ!

काका तो गाळ पाहून क्षणभर स्तब्ध झाले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला, तेव्हा ही गाडी डॅशबोर्डपर्यंत पाण्यात उभी होती. वरचा चिखल त्यांनी कधीच धुऊन काढला होता. आतला मात्र पाच वर्षे गुपचूप आपले काम करीत राहिला.

दिवा रात्रीच का लागे, याचाही उलगडा मग झाला. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेत शिकतो : विरोध तोच असेल, तर प्रवाह जितका अधिक, तितका दाबाचा ऱ्हास अधिक. दिवसा त्या गंजलेल्या जोडातून थोडीच वीज जाई. रात्री मोठ्या दिव्यांचा सारा प्रवाह त्यातूनच जाऊ लागला की ऱ्हास वाढे आणि दिवा तेवू लागे. काचकागदाने जोड घासून घट्ट बसविला, आणि दिवा विझला.

यावरून निदानाची रीत ध्यानात येते. प्रथम दिवा केव्हा लागतो, हे नीट टिपावे : रात्री की दिवसा, उभ्या गाडीत की धावत्या. जुन्या डायनामोच्या गाडीत इंजिन अगदी मंद चालत असता हा दिवा किंचित लुकलुकला, तर तो दोष मानू नये. मग मोजावे, आणि सुटा भाग सर्वांत शेवटी बदलावा. बॅटरी जोडताना गाडीचे वर्षही पाहावे. विलायतेत १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी गाडीत १९६७ पर्यंत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडीत, त्यानंतर ऋण टोक. आपल्याकडे १९९८ साली निघालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या गाड्यांचे अंग फायबरग्लासचे असते. त्यातून वीज परत जाऊ शकत नाही. म्हणून अशा गाड्यांत अर्थिंगच्या तारा आधी तपासाव्यात.

बल्ब काढून टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. डायनामोच्या जागी अल्टरनेटर असलेल्या कित्येक जुन्या गाड्यांत त्या बल्बमधून जाणाऱ्या विजेनेच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब गेला की बॅटरी भरणेही थांबू शकते.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. हा सारा शोध सावकाश करण्यास हरकत नाही. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा मात्र असा वेळ देत नाही. चालत्या गाडीत तो पेटला, तर गाडी बाजूस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. तेलाशिवाय काही मिनिटांतच आतील बेअरिंगे झिजून अडकतात.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत दोषांची नोंद ठेवणारे एकसारखे यंत्र सक्तीचे झाले. आज आपल्याकडेही नव्या गाडीला उपकरण जोडले की दोषाचा क्रमांक वाचता येतो. जुन्या गाडीला ही वाचा नाही. तिच्यापाशी दोनतीन दिवे आहेत, तेवढेच. ते नीट ऐकावे लागतात.

काकांनी गाडी विकली नाही. पुढे बरेच दिवस ते रात्री गाडीत बसले की आधी नातीला विचारीत, "दिवा लागला का?" आणि किल्ली फिरताच तो लागला, व इंजिन सुरू होताच विझला, असे तिने सांगितले, म्हणजेच ते गाडी फाटकाबाहेर काढीत.