जर-तरचं स्वराज्य

नागपूरच्या काँग्रेसनगरातून जाताना मला डिसेंबर १९२० आठवतो, वाचलेला, अर्थात. इथल्या काँग्रेसच्या त्या अधिवेशनात गांधीजींचं वर्षभरात स्वराज्याचं आश्वासन गाजत होतं. आश्वासन कसलं, अटच ती! हिंदू-मुस्लिम ऐक्य, अहिंसा, अस्पृश्यता-निवारण पाळाल तर. वक्तृत्व शिकवण्यात माझी हयात गेली, तरी ही खुबी मला अजून चकित करते. मागायला आलेला श्रोता देणेकरी होऊन घरी जातो! ऐक्याचंच घ्या: खिलाफतीचं दुःख मुसलमानांचं. ते हिंदूंनी ‘आपलं’ मानावं, कारण शेजाऱ्याचं आहे, एवढा साधा युक्तिवाद.

जिना मात्र गांधीजींच्या असहकाराच्या विरोधात उभे राहिले. ‘मिस्टर गांधी’ म्हणताच मंडपात गलका झाला: ‘महात्मा’ म्हणा! जिनांचे मुद्दे अगदीच पोकळ नव्हते, पण ऐकतो कोण? ऐक्याच्या त्या मंडपातून बाहेर पडलेले जिना काँग्रेसमध्ये परतले नाहीत.